क्लोजअपसाठी गुळगुळीत

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकासाठी परवा कुणाला तरी खोटी मिशी चिकटवत होते. त्या गमचा उग्र वास नाकात गेला आणि मी थेट अंधेरीच्या स्टुडिओत जाऊन पोचलो.

सिनेमातलं माझं पहिलं बोलतं काम, इन्स्पेक्टरचं. दारातून आत येतानाचा शॉट आदल्या दिवशी झाला होता, आज क्लोजअप. देखणं दिसावं म्हणून मी शहाण्याने सकाळीच मिशी साफ उतरवली.

"अरे, काल दारातून मिशीवाला आला ना रे? आत येईपर्यंत गळली काय?" दिग्दर्शक ओरडला. सगळं युनिट हसलं, सर्वांत मोठ्याने मीच. मेकअपदादांनी खोटी मिशी लावली. दिव्यांखाली घाम फुटला आणि पहिल्याच वाक्याला ती एका बाजूने लोंबू लागली.

"याला पाठमोरा उभा कर. डायलॉग हवालदाराला दे."

थिएटरात आई शेजारणीला अभिमानाने म्हणाली, "ती पाठ आमच्या दिलीपची."

तेव्हा मीही हसलो. पुढे कामं मिळत गेली, पण सगळी गर्दीतली, पाठमोरीच. कधीतरी चेहरा दिसेल म्हणून आई प्रत्येक सिनेमाला आली. तो चेहरा तिला शेवटपर्यंत घरीच बघावा लागला.