सीआरपीसाठी अण्णांना उपाशी ठेवलं

मित्रांनो, आज माझ्या हातून लई वाईट झालं.

माझ्या वडिलांना, अण्णांना, कोरोनाचा ताप. डॉक्टरांनी सीआरपी करायला सांगितली. विषाणूशी अंग किती झुंजतंय, ते या रक्ततपासणीत कळतं म्हणे. आमच्याकडं रक्त द्यायचं म्हणजे उपाशीपोटी, एवढंच ठाऊक. सकाळी अण्णांनी चहा-बिस्कीट मागितलं, तर मी खेकसलो, "रिपोर्ट चुकंल, गप बसा!"

घाटनांदूरहून अंबाजोगाईला पोचलो. लॅबच्या रांगेतच अण्णा चक्कर येऊन पडले.

लॅबवाला म्हणाला, "उपाशी कावून ठिवलं? सीआरपीला खाल्लेलं चालतंय."

झुंजणाऱ्या अंगाला मीच उपाशी मारलं. तुमी तरी आधी विचारत जा रे.

आत्ता ताट समोर हाय, तरी अण्णा घास उचलत न्हाईत. माझ्याकडं बघून विचारतायत, "आता खाऊ का?"