खोली कदमांच्या नावावर

"आवं इंजिनिअर, नवरा-नवरी पायरीवर थंडीनं कुडकुडत्यात, खोली रिकामी, आन् तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय खोली कदमांची! कोण हा कदम?"

महाबळेश्वरच्या हॉटेलाचा मॅनेजर ओरडत होता. फोन नसता तरी तो आवाज घाट उतरून, साताऱ्यात दम खाऊन, सांगलीत आमच्या टेबलापर्यंत पोहोचला असता. माझ्या जोडीदारानं, दिलीपनं, रिसीव्हर हातभर लांब धरला आणि हसला. त्या दिलीपला जाऊन आता महिना होत आला... मिरजेच्या दवाखान्यातून बातमी आली तेव्हा मीही असाच ओरडलो म्हणे. मला आठवत नाही.

रहिमतपूरचा हा गडी. इंटरनेट पाहिलेली सांगलीतली सगळी माणसं एका रिक्षात मावली असती, त्या दिवसांत यानं वेबपानांवरून खोल्या राखायचा प्रोग्राम लिहिला. त्याखालचं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम उभा राहतो तो सांगाडाही, स्वतःच रचला. त्यातली एक अ‍ॅक्शन, म्हणजे एक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, खोली मोकळी आहे का ते बघे. असली तर बुकिंग करून टाके. नसली तर ताबा दुसऱ्या अ‍ॅक्शनकडे देई, ती 'जागा नाही' असं पान दाखवी. नवरा-नवरीनं खोली आधीच राखली होती, म्हणून मागून आलेल्या कदमांना तेच पान दिसलं आणि त्यांनी नाद सोडला. पण ताबा देऊनही पहिली अ‍ॅक्शन थांबलीच नाही. मागच्या मागं तिनं नवरा-नवरीचं नाव पुसलं आणि कदमांचं लिहिलं.

"पुढं दिलं की आपण थांबायचं, गड्या. ते थांबणंच मी लिवलं न्हाई," फोन ठेवून दिलीप म्हणाला.

मग त्याची मूत्रपिंडं गेली. वय अठ्ठावीस. मिरजेत खाटेवर कागद पसरून तो ताबा देण्याची एकेक जागा तपासायचा. मी सांगलीला परतून टाइप करायचो. नर्स करवादायची, "झोपा की आता!"

"एवढी चूक मागं ठिवून जायचं न्हाई, बाई."

मी जन्माचा थापाड्या. कृष्णेतून हत्ती उडालेला शपथेवर सांगेन. पण त्याच्यासमोर 'बरा होशील' एवढी थाप काही तोंडातून निघाली नाही... शेवटच्या आठवड्यात काम पुरं झालं. अख्खा जिल्हा एका खोलीवर तुटून पडला असता, तरी नाव चुकलं नसतं.

तेराव्यानंतर फ्लॉपी घेऊन महाबळेश्वर गाठलं. मॅनेजरला म्हटलं, "दुरुस्त झालंय सगळं. खाटेवर पडून केलंय त्यानं."

त्यानं फ्लॉपीकडे पाहिलं, हात पुढे केला नाही.

"आमी कवाच परत वहीचं रजिस्टर सुरू केलंय," तो म्हणाला.