केरेरूच्या रानात ‘केरेरू लेन’

शाळेत पक्ष्यांची कविता अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. तो गजर आज इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटच्या सभेत कानात घुमत होता, मंडळी.

डोंगरातून नदीकडे केरेरू, म्हणजे इथली गुबगुबीत रानकबुतरं, ज्या वर्षावनाच्या पट्टीतून येतात, ती तोडून घरं बांधणार आहेत. ती वाचवायला आम्ही शेजाऱ्यांनी सभा भरवली होती.

बिल्डरचा माणूस डेव्ह म्हणाला, “पक्ष्यांचा मान राखलाय! रस्त्याचं नावच केरेरू लेन.”

म्हणजे केरेरूंनी आता पाटी वाचत उडायचं?

तेवढ्यात आपल्या इथल्या मराठी मंडळातला साने उठला. वाटलं, सुनावणार. तर विचारतो काय, “पूर्वेला दार असलेला प्लॉट मिळेल का?”

हे लिहितोय तोच बेल वाजली. दारात डेव्ह! कुजबुजला, “माझं घर त्या झाडीला लागूनच आहे. तुमच्या विरोधाच्या अर्जात माझ्या बायकोचं नाव घाला. माझं नको.”