जमादारसाहेबांच्या ताटातला पहिला घास

पेन्शनीत निघालेले निजामाचे चार पोलीस दर शुक्रवारी दुपारी जालना स्टेशनापाशी माझ्या खानावळीत मिळून जेवायचे. त्यातले जमादारसाहेब ताटाला हात लावण्याआधी म्हणायचे, "पहले तू खा, मंग आम्ही." नोकरीत असताना ठाण्यात कैद्याला घरून डबा आला, की विषाच्या संशयानं आणणाऱ्याला ते असाच पहिला घास खायला लावत. मला राग यायचा, पण खायचो.

निजामाचं राज्य गेलं त्या महिन्यात बाकीचे यायचे थांबले. जमादारसाहेब एकटेच आले. मी सवयीनं घास उचलला, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. आता बिलकुल जरूरत न्हाई."

माझ्यावर भरवसा बसला, की जिवाचाच कंटाळा आला, काही कळेना. ते गेल्यावर पातेल्यातलं वरण मीच चाखून पाहिलं.