रजिस्टरातलं झाडूकाम

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी बुऱ्हाणपूरच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला लागले. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या तिथे दोन रांगा होत्या. एका रांगेवर गडी, समोरच्या रांगेवर आम्ही नऊ बाया. काम अगदी तेच. यंत्रात सारखा कापूस सोडायचा, रूळ अडकला की मोकळा करायचा. संध्याकाळपर्यंत भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. मजुरी मात्र बाईची कमी. हे इतकं ठरून गेलेलं होतं की कुणी विचारतही नसे.

विचारलं ते माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या मावशीने. ती विधवा, पंधरा वर्षं याच कामात. राजपुरा मोहल्ल्यातल्या एका मास्तरांनी तिला सांगितलं होतं की आता कायद्याने सरकार कामाप्रमाणे मजुरी ठरवतं आणि तो दर कारखान्यात लिहून लावावा लागतो. मला वाचता येत होतं म्हणून तिने मला बघायला पाठवलं. ऑफिसच्या दाराआड कागद खरंच चिकटवलेला होता. यंत्रावरच्या मजुराचा दर होता. गडी की बाई, असं त्यात कुठेच नव्हतं.

मास्तरांनी अर्ज लिहिला. मी सही केली, बाकीच्यांनी अंगठे दिले. अर्ज नागपूरला गेला आणि दीड महिन्याने परत आला. नवं मध्य प्रदेश राज्य झालं होतं, आमचा कारभार आता नागपूरकडून भोपाळकडे गेला होता. मास्तरांनी तोच अर्ज हिंदीत पुन्हा लिहून भोपाळला पाठवला. तोवर मुकादमाला कळलं. तो ओरडला नाही. पुढच्या हंगामात कुणाला बोलवायचं नाही ते बघू, एवढंच म्हणाला.

सासूबाईंनी नाव मागे घ्यायला सांगितलं. यजमान आजारी होते, चूल माझ्या मजुरीवर चालायची. मी मावशीला तसं बोलून दाखवलं.

ती म्हणाली, “काढून घे बाई. मी नाही रागावणार.”

ती रागावली असती तर मी नाव काढलंही असतं.

माघ महिन्यात एका दुपारी सरकारी साहेब तपासणीला आले. कारखान्याचे हिशेब ठेवणाऱ्या मुनीमजींनी रजिस्टर पुढे केलं. त्यात आम्हा नवाही जणींच्या नावापुढे ‘झाडूकाम’ लिहिलेलं होतं. बाया फक्त झाडलोट करतात, यंत्राला हात लावत नाहीत, असं मुनीमजींनी शांतपणे सांगितलं. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन म्हटलं, “साहब, मशीन चलाके दिखाती हूँ.”

मी यंत्रावर बसले. त्या दिवशीचा कापूस दमट होता. थोड्याच वेळात तो रुळाला गुंडाळला गेला. मी पट्टा सरकवून यंत्र थांबवलं, रूळ साफ केला, पुन्हा सुरू केलं. मुनीमजी म्हणाले, बघून बघून शिकली असेल.

साहेब समोरच्या रांगेकडे वळले आणि पहिल्या यंत्रावरच्या तरण्या गड्याला विचारलं, तुला हे काम कुणी शिकवलं? मुकादम त्याच्याकडेच बघत होता. गड्याने यंत्रावरचा हात काढला. मग मावशीकडे बोट करून म्हणाला, “इन्होंने. हम सबको इन्होंनेच सिखाया.”

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि त्याचा अंगठा घेतला. मावशी पदराने डोळे पुसत होती. कापसाचे तंतू गेले म्हणाली.

फाल्गुनात हुकूम आला. रजिस्टरात आमचं काम बदललं आणि मजुरी गड्यांच्या बरोबरीची झाली. मास्तरांनी कागद दोनदा वाचून दाखवला. मला आनंदापेक्षा थकवाच जास्त जाणवला, दिवसभर डोक्यावर धरलेला भारा खाली ठेवल्यावर मानेला वाटतं तसा. त्या रात्री सासूबाईंनी मला पाटावर बसवून स्वतः ताट वाढलं.

तरी मुकादमाच्या त्या बोलण्याची धाकधूक उरली होती. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि कामावर यायचा मुकादमाचा निरोप नवाही घरी आला. पहिल्या दिवशी मी फाटकातून आत शिरले ती आधी समोरच्या रांगेकडे पाहिलं. साहेबांपुढे खरं बोललेला तो गडी आपल्या यंत्रावर होता. मग मी माझ्या जागेवर जाऊन बसले.