अठरा किलोमीटर, व्हाया अक्का

रविवारी पहाटे साडेपाचला मी बनशंकरीतल्या आमच्या इमारतीच्या फाटकाबाहेर पडलो, तेव्हा माझ्या पाठीवरच्या पिशवीत पाण्याची बाटली, चार खजूर आणि एक पितळी सोऱ्या होता. बाटली आणि खजूर धावणाऱ्या कुठल्याही माणसाकडे सापडतील. सोऱ्याचं कारण माझी बायको.

"जातोच आहेस तर अक्काचा सोऱ्या देऊन ये की," रोहिणी आदल्या दिवशी म्हणाली. "दिवाळीपासून आपल्याकडे पडलाय."

"अगं, मी पळायला चाललोय. अठरा किलोमीटर."

"सरी (बरं). पण चामराजपेटेवरूनच ना?"

माझ्या सगळ्या सरावाची वाट या 'जातोच आहेस तर'ने लावली आहे. जातोच आहेस तर दूध आण, इस्त्रीचे कपडे टाक, सईची वही आण. गेल्या चार महिन्यांत मी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन जेवढा पळालो असेन, तेवढा रिकाम्या हाताने पळालेलो नाही.

लोक हिमालयात जातात, युरोपात जातात आणि येऊन प्रवासवर्णन लिहितात. माझा प्रवास एका शहरातल्या एका रविवारचा. जाताना नऊ किलोमीटर, येताना नऊ. तरीही तो लिहितोय, कारण पुण्यातल्या आमच्या मंडळींना अजून वाटतं की बंगळूरला आम्ही बागेत फिरतो आणि डोसे खातो.

आता या प्रवासात पणाला काय लागलं होतं ते सांगतो. आमची मुलगी सई अकरा वर्षांची. ती पोहायला शिकते. तलावाच्या मध्यापर्यंत छान जाते, मग तिला पाय टेकत नाहीत याची आठवण होते आणि ती कडेचा कठडा धरते. कठडा धरला की सर तिला पुन्हा सुरुवातीला पाठवतात. असं पंधरा दिवस चाललं आणि गेल्या बुधवारी तिने जेवताना जाहीर केलं की ती पोहणं सोडणार.

"सुरू केलेलं असं अर्धवट सोडू नये," रोहिणी म्हणाली.

सईने गॅलरीकडे पाहिलं. तिथे माझी सायकल उभी आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. शेजारी माझी गिटार, खोळीसकट. मी एकदा जर्मन शिकत होतो, त्या पुस्तकांवर सध्या तुळशीची कुंडी आहे.

"बाबा तर सगळंच सोडतो," सई म्हणाली.

रोहिणीने माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं आणि मी आमटीत पाहिलं. तेव्हा सईनेच अट घातली. पुढच्या महिन्यात मी अर्ध्या मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. त्याआधी अठरा किलोमीटरची एक लांब धाव पुरी व्हावी लागते, आणि गेले तीन रविवार ती झाली नव्हती. एकदा बारसं होतं, एकदा पाण्याचा टँकर आला, एकदा रोहिणीने माझे बूट धुऊन टाकले होते. या रविवारी बाबाने अठरा किलोमीटर पुरे केले, वाटेत कुठल्याही वाहनात न बसता, तर सई पोहायला जाणार. नाहीतर तीही सोडणार. माझ्या आळशीपणाची मला कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

तर निघालो. पहाटेची बनशंकरी शांत असते असं म्हणायची पद्धत आहे, पण देवळाजवळ फुलवाल्या बायकांचं भांडण ऐन रंगात आलं होतं आणि लिंबांच्या दिव्यांसाठी लिंबं कापणं चाललं होतं. इथे देवीपुढे लिंबाच्या सालीत दिवा लावतात. मी गेलो तशी सोऱ्याची दांडी पिशवीत खणखण वाजली आणि दोन्ही पक्ष भांडण थांबवून माझ्याकडे बघू लागले.

जयनगरची झाडं आली. या शहरावर कितीही वैतागलो तरी त्या झाडांखाली आलो की राग निवळतो. हवेत गारवा, रस्ता मोकळा. लालबागेच्या बाजूने धावणाऱ्यांचे जथे येत होते, झगमगीत बनियन आणि काळे चष्मे घातलेले. सूर्य उगवायचा होता, तरी काळे चष्मे. त्यांच्यात माझ्याइतका वाजणारा माणूस दुसरा नव्हता.

गांधी बाजारात रोहिणीचे बापूमामा भेटले. ते दर रविवारी उजाडताच ताजी भाजी निवडायला येतात. कानटोपी, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारा पडवळ.

"अय्यो, सुहासराव! कोण मागे लागलंय?"

"पळतोय मामा. सराव."

"कुठवर?"

"अक्काकडे. सोऱ्या देऊन लगेच परत."

मामांनी मान हलवली आणि खिशातून फोन काढला. त्यात धोका आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

रोहिणीचं माहेर मराठी, पण पुण्याचं नव्हे. तिचे पूर्वज तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि इथलेच झाले. मी सतरा वर्षांपूर्वी आलो आणि अजून दर दिवाळीला पुण्याला परत जायच्या गोष्टी करतो. अक्का म्हणजे तिची थोरली मावशी, वय शहात्तर. चामराजपेटेतलं तिचं घर मी मार्गावर मुद्दाम घेतलं होतं. बरोबर नऊ किलोमीटरवर येतं, पाणी भरून मिळतं आणि स्वच्छतागृह आहे. कागदावर फार हुशारीचा बेत होता. विसरलो एवढंच की रोहिणीच्या माहेरी दारात आलेल्या माणसाला नुसतं पाणी देत नाहीत. जावयाला तर नाहीच. जावई उभ्या उभ्या पाणी पिऊन गेला, तर त्या घराची वर्षभर अब्रू जाते.

अक्का दारातच उभी होती. बापूमामांचा फोन केव्हाच पोचला होता. आतून तुपाचा वास येत होता.

"या, या. तिंडी झाली का?" (तिंडी म्हणजे नाश्ता. इथे 'कसे आहात'च्या ऐवजी हेच विचारतात.)

"अक्का, हा सोऱ्या. मी फक्त पाणी..."

"स्वल्प (थोडं) बसा की. पाट मांडलाय." मग तिची नजर खाली गेली. "आणि हे काय? अर्ध्या चड्डीत देवघरासमोर बसणार?"

तिने कपाटातून एक पंचे (धोतर) काढून माझ्या हातात दिलं. मी ते चड्डीवर गुंडाळलं, घड्याळावर मोजणी थांबवली आणि पाटावर बसलो. घाम अजून गळत होता. इडल्या आल्या. चटणी आली. केशरीभात आला, त्यात काजू दिसण्यापेक्षा भात दिसणं अवघड होतं.

"अक्का, मला अजून नऊ किलोमीटर पळायचंय."

"मग तर खायलाच हवं! उपाशी कसे पळाल?"

ती वाढत असताना उठता येत नाही, आणि ताट रिकामं दिसलं की ती वाढते. या चक्रातून बाहेर पडायचा मार्ग अजून कुठल्याही जावयाला सापडलेला नाही. सहा इडल्यांनंतर मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. तिने केशरीभात हातांच्या फटीतून वाढला.

निघताना आणखी एक संकट उभं राहिलं. उसनं आणलेलं भांडं परत आलं, तर आणणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा त्या घरचा नियम. अक्काने सारिन पुडीचा (साराच्या मसाल्याचा) स्टीलचा डबा माझ्या पिशवीत घातला.

"घरी कुटलीय. रोहिणीला सांगा."

तिच्या पाया पडलो. वाकताना पोटातल्या सहा इडल्या एकदम पुढे आल्या. "येतो" म्हणालो आणि दारातून धावत सुटलो. पाचव्या घरापाशी कळलं की पंचे अजून कमरेला आहे. ते परत द्यायला गेलो तर अक्का हातात केळं घेऊन उभी होती.

परतीचे पहिले दोन किलोमीटर मी पळालो असं म्हणणं धाडसाचं होईल. आठ वाजून गेले होते, ऊन चढलं होतं. घड्याळाची मोजणी पुन्हा सुरू करायला विसरलोय हेही तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं ते वेगळंच. डब्याचं झाकण सैल झालं होतं, मसाला पिशवीतून झिरपत माझ्या ओल्या पाठीवर येत होता. मिरची, मिरी, धणे, हिंग. पाठीला आग लागली. वाटेत एक आजोबा थांबले, नाक वर करून वास घेतला आणि घराच्या दिशेने जरा जोरातच चालू लागले.

गांधी बाजार संपता संपता पोटात अशी कळ आली की मी विजेच्या खांबाला धरून उभा राहिलो. अजून सात किलोमीटर होते. समोर रिक्षा उभी होती, चालक चहा पीत होता.

"क्या सार (सर), क्या हुआ? बैठो, बैठो. कहाँ जाना है?"

आणि मी बसलो. खरं तेच सांगतो. बसलो, 'बनशंकरी' म्हणालो, आणि रिक्षा निघाली. सीटवर पाठ टेकली तर मसाला बोचला, तरीही ते सुख होतं. वाटलं, आमच्या इमारतीच्या अलीकडे उतरू, शेवटचा कोपरा पळत जाऊ. कोण बघतंय?

सिग्नलला रिक्षा थांबली. शेजारच्या स्कूटरवर एक बाप आणि मागे त्याची मुलगी होती. मुलीच्या मांडीवर पोहण्याची पिशवी, वर ओला चष्मा लटकत होता. ती मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती. तरी मी रिक्षातून उतरलो.

"अभी तो बैठे, सार!" चालक म्हणाला. पैसे घेईना. मी त्याला उरलेले खजूर दिले. त्याने वास घेतला. "सार, ये सारू (आपलं सार) के माफिक क्यों महक रहा है?"

मी मागे वळलो आणि उलट्या दिशेने पळू लागलो.

"सार! बनशंकरी उधर है!"

"मालूम है," मी ओरडलो. त्या विजेच्या खांबापर्यंत गेलो, त्याला हात लावला आणि तिथून पुन्हा बनशंकरीकडे निघालो. सिग्नलला तोच रिक्षावाला अजून अडकला होता. मी त्याच्या शेजारून गेलो तेव्हा त्याने हात जोडले, कौतुकाने की काळजीने ते कळलं नाही.

पुढचे सात किलोमीटर लिहिण्यासारखे नाहीत. पळालो, चाललो, पळालो. देवळाजवळच्या फुलवालीने मला ओळखलं आणि माझ्याबरोबरचा आवाज कुठे गेला, असं खुणेने विचारलं. सोऱ्या पोचवला, हे मी खुणेने कसं सांगितलं ते आता आठवत नाही.

साडेदहाला फाटकाशी पोचलो. रोहिणी आणि सई, दोघी खाली उभ्या होत्या. मी हात वर केले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

"बापूमामाचा फोन आला होता," रोहिणी हळूच म्हणाली. "काफी पीत उभे होते. तू रिक्षातून जाताना दिसलास म्हणे."

सईने माझं मनगट धरलं आणि घड्याळ पाहिलं. घड्याळात नऊ किलोमीटर होते. अक्काच्या पाटापर्यंतचे. तिने मनगट सोडून दिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर चाललं असतं. मला हे होतंच ठाऊक, असं त्यात दिसत होतं, आणि ते मला फार लागलं.

"बसलो होतो," मी म्हणालो. "पोटात कळ आली म्हणून. सिग्नलपर्यंत गेलो. मग उतरलो, मागे पळत गेलो, जिथे बसलो होतो त्या खांबाला हात लावला आणि तिथून परत पळत आलो. घड्याळ सुरू करायचं राहिलं."

रोहिणीने तोंडावर पदर घेतला. तिला हसू येत होतं की माझ्या वासाने ठसका लागला होता, कोण जाणे.

"मागे का गेलास?" सईने विचारलं.

"मधला तुकडा राहिला असता ना."

"आणि पाठीला काय लावलंयस?"

"सारिन पुडी."

न्यायाधीश असल्यासारखी सई माझ्याभोवती एक फेरी मारून आली, पाठ पाहून शिंकली आणि समोर उभी राहिली.

"आई, बाबा खरं बोलतोय. एवढं येड्यासारखं खोटं कुणी सांगत नाही."

मला भरून आलं. मी तिथेच पायरीवर बसलो. वर जायला लिफ्ट होती, पण लिफ्ट वाहनात धरतात का, याची खात्री नव्हती. सई माझ्या शेजारी, पण वाऱ्याची दिशा बघून जरा लांब बसली.

इतका प्रवास करून मी काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर शहराबद्दल फारसं सांगता येणार नाही. चामराजपेटेचा तर मी एक पाटच पाहिला. पण एका खांबापासून एका सिग्नलपर्यंतचा जो रस्ता आहे, तो मी एकदा बसून आणि दोनदा पळून पाहिला. माझ्या घरापर्यंत पोचवणारा तुकडा तेवढाच होता.

"बाबा," सई बुटाच्या लेसशी खेळत म्हणाली, "उद्या मी मध्येच कठडा धरला तर?"

"धर की. दम खा."

"मग सर सुरुवातीला पाठवतात."

"मी बोलतो सरांशी. जिथे धरशील, तिथूनच पुढे सुटायचं."

ती उठली आणि माझी पिशवी दोन बोटांनी उचलून जिन्याकडे निघाली.

"सरी," ती म्हणाली. "आणि वर जातोच आहेस तर माझा पोहायचा ड्रेस सायकलवर वाळत टाक. उद्या लागेल."