गणवेशात खांदा नाही

कर्जतमध्ये कुणी गेले की ती खबर कप्तानाच्या इस्त्रीला आधी लागे. मयताच्या घरी रडारड सुरू होई, त्याच सुमारास इकडे कप्तानीणबाई कोळसे फुंकायला बसत. मयताच्या अंगावर पांढरे पडायच्या आत कप्तानाच्या अंगावर खाकी चढलेली असे. खळ देऊन कडक केलेला सदरा, तशीच अर्धी विजार, कातडी पट्टा, पिंढऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, बूट आणि गळ्यात दोरीला लटकणारी शिट्टी. ‘माणूस जळून राख होतो, पण माझे कोळसे काही विझत नाहीत,’ असे बाई शेजारणींना सांगत, आणि कप्तानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगत.

कप्तान म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचा एक कारकून. तो महायुद्धात लढून आला आहे, अशी गावात समजूत होती. ती त्याने पसरवली नव्हती, पण खोडूनही काढली नव्हती. तो गेला होता मुंबईच्या गोदीपर्यंत, आणि तिथे पोती मोजून परत आला होता. येताना एक शिट्टी घेऊन आला, आणि गणवेश नसलेल्या समस्त मनुष्यजातीबद्दल मनात थोडी कीव. एवढ्या भांडवलावर त्याने सेवा पथक उभे केले. जत्रेत दोर धरून गर्दी आवरणे, उन्हाळ्यात स्टेशनावर पाणी देणे ही कामे पथक करी आणि बरी करी. पण कप्तानाचा जीव रमे तो मयताला. जत्रेतली माणसे हलतात, बोलतात, रांग मोडतात. मयताची शिस्त त्याच्या मनासारखी होती.

मयताचे त्याचे नियम ठरलेले होते. गणवेशात रडायचे नाही. गणवेशात कुणाच्या गळ्यात पडायचे नाही. स्मशानाच्या कडेला सगळे लोक वहाणा काढत, पथकाने मात्र बूट काढायचे नाहीत, कारण पट्ट्या सोडण्यात वेळ जातो. पथकातला कुणी गेला तर त्याचा गणवेश जाळायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम, गणवेशात खांदा नाही. ‘खांदा घरच्यांचा, सलामी पथकाची,’ असे तो म्हणे, आणि हे कुठे छापलेले असावे अशा थाटात म्हणे.

आमच्याकडे ज्याने खांदा दिला त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी नदीत बुडी मारल्याशिवाय घरी यायचे नाही, अशी रीत आहे. उल्हास नदीच्या एका बुडीत खळ, इस्त्री आणि विजारीच्या दोन्ही कडा वाहून गेल्या असत्या. कप्तानाने हे कारण कधी दिले नाही. तो शिस्त म्हणत असे.

एकदा पथकातल्या कुणाच्या आजोबांच्या मयताला तो सगळी पलटण बैलगाड्यांत घालून लोधिवलीला घेऊन गेला. लोक तिरडी उचलून निघाले, तो याने शिट्टी मारून त्यांना थांबवले. पथकाची रांग वाकडी झाली होती. तिरडी खांद्यावर तशीच. पुढच्या खांद्याचा म्हातारा वैतागून म्हणाला, ‘कोन हाय रं ह्यो? पोलिस हाय का?’

‘नाय, सलामवाला हाय,’ मागच्या खांद्यावरून उत्तर आले.

‘मंग त्याला करू दे सलाम. आपुन चला.’

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्याची सलामी सावकाराला जेवढी, तेवढीच डोंगराखालच्या वाडीतल्या कातकरी म्हातारीला. तीत त्याने कधी कमीजास्त केले नाही. कुणाच्याही मयताला तो सारखाच निरुपयोगी होता.

माझे वडील पटकीच्या साथीत गेले. त्या दिवसांत लोक मयताच्या दारावरून जायलाही भीत. मी, माझे काका आणि एक शेजारी, असे आम्ही तिघेच होतो. चौथा खांदा मिळेना. ऊन चढत होते आणि आई पुन्हा पुन्हा दाराशी येऊन बघून जात होती. तेवढ्यात गल्लीत बुटांचा आवाज झाला. दहाबारा धडधाकट तरुण आणि पुढे कप्तान. साथीला न भिता ते आले हे मी नाकारत नाही. आईने त्यांना पाहून ‘आली गं बाई माणसं,’ म्हटले आणि डोळे पुसले.

माणसे अंगणात रांगेने उभी राहिली आणि त्यांनी हात कपाळाला लावले.

‘कप्तान, एक खांदा कमी पडतोय,’ मी म्हणालो.

‘मास्तर, तुमच्या दुःखात पथक सामील आहे.’

‘ते खरं, पण उचलायचं कसं?’

‘गणवेशात खांदा नाही.’ तो माझ्याकडे न बघता समोर बघत बोलला. ‘आज तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या प्रत्येकासाठी मोडावा लागेल.’

प्रत्येकाला खांदा मिळण्याच्या संकटातून गावाला असे वाचवून तो सावधान उभा राहिला.

तेव्हा रांगेतून लोहाराचा शंकर बाहेर आला. त्याने पट्टा सोडला, सदरा काढला, दोन्ही ओट्यावर ठेवले आणि उघड्या अंगाने तिरडीपाशी आला. ‘मी हाय, मास्तर. उचला.’ मागून शिट्टी वाजली. शंकरने वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पथकातून त्याचे नाव कमी झाले. मी वाईट वाटून त्याच्या भट्टीवर गेलो, तर तो म्हणाला, ‘बरं झालं. पट्टा लय काचत हुता.’

त्यानंतर काही वर्षांनी कप्तान गेला. साधा ताप आला आणि त्यातच गेला. त्याच्याच नियमाप्रमाणे गणवेश खुंटीवर राहिला आणि तो पांढऱ्या कापडात निजला. जिवंतपणी मी त्याला खाकीशिवाय पाहिलेच नव्हते. त्या कडक सदऱ्याच्या आत इतके अरुंद खांदे असतील, असे मला कधी वाटले नव्हते.

मूलबाळ नव्हते. खालापूरहून पुतण्या आला होता. एक तो, एक मी. तिसरा शंकर, भट्टीवरून उठून तसाच आलेला. पुतण्याने त्याला विचारले, ‘तुम्ही पथकातले का?’

‘माजं नाव कमी केल्यालं हाय,’ शंकर म्हणाला. ‘मला खांदा चालतो.’

कप्तानाच्या मयताला त्याचे पथक पुरेल असे धरून बाकीचे गाव घरीच राहिले होते, त्यामुळे पुन्हा चौथा नव्हताच. समोर मात्र सगळे पथक कडक इस्त्रीत उभे होते, हात कपाळाला. सलामी उतरवायचा हुकूम फक्त कप्तान देई, आणि तो आमच्या पायांशी तिरडीवर होता. कुणाचा हात खाली येईना. एकाचे कोपर थरथरू लागले. आम्ही तिघे त्यांच्याकडे बघत होतो, ते समोरच्या भिंतीकडे.

कप्तानीणबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात खुंटीवरची शिट्टी होती. त्यांनी ती तोंडाला लावून फुंकली. आवाज फुसका, अर्धा वाऱ्याचाच आला. पण हात खाली आले.

‘झाली सलामी,’ बाई म्हणाल्या. ‘आता काढा ते सदरे, आणि माझ्या माणसाला उचला.’

ओट्यावर खाकीचा ढीग पडला. नदीपर्यंत प्रत्येकाने आळीपाळीने खांदा दिला. शेवटी सगळ्यांनी बुड्या मारल्या आणि आम्ही निथळत परत निघालो.

वाटेत शंकर म्हणाला, ‘कप्तान असते तर आज समद्यांची नावं कमी केली असती.’

‘मग पथकात राहिलं कोण असतं?’

‘त्ये एकटे.’ थोडे चालून तो म्हणाला, ‘सोतावर बी शिट्टी मारली असती, आडवे झाले म्हनून.’

मी अजूनही मयताला जाताना भिजले तरी चालेल असेच धोतर नेसतो. एवढे मी कप्तानाकडून शिकलो.